प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात: तरुण संघाचा छोटा गट घेताना

नवापूर तालुक्यातल्या एका गावात मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ सांभाळणाऱ्या भावाचा प्रश्न आहे. "रविवारी उपासनेनंतर आम्ही बारा-चौदा जण बसतो. आठवीतल्या पोरांपासून कॉलेजपर्यंतचे सगळे एकत्र. मी वचन वाचतो, प्रश्न विचारतो आणि सगळे खाली बघतात. ठरलेले दोघेच बोलतात. मुली तर तोंडच उघडत नाहीत. शेवटी मीच अर्धा तास संदेश देतो आणि प्रार्थना करून आम्ही उठतो. ताई, काय करू?"

भाऊ, सलाम. धुळे-नंदुरबार भागात मी बरीच वर्षं तरुणांचे गट घेते आहे आणि गट घेणाऱ्यांना शिकवतेही. तुम्ही लिहिलंय तेच मला जवळजवळ प्रत्येक नव्या पुढाऱ्याकडून ऐकायला मिळतं. आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: मुलं गप्प आहेत म्हणजे त्यांना वचनात रस नाही, असं नाही. तीच मुलं चर्चच्या आवाराबाहेर मोटरसायकलला टेकून तासभर बोलतात. नोकरी, लग्न, देव, मरण, सगळ्यावर बोलतात. गटात गप्प बसतात, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आधीच तयार आहे हे त्यांना कळलेलं असतं. तुम्हाला त्यांचं म्हणणं ऐकायचं नाही, तुमचं उत्तर त्यांच्या तोंडून हवं आहे, एवढं पोरांना बरोबर समजतं.

"येशूने आपल्यासाठी काय केलं?" याचं उत्तर संडे स्कूलमधल्या सर्वांत लहान मुलालाही येतं. अकरावीतली मुलगी ते उत्तर कशाला देईल? "आपण रोज प्रार्थना करतो का?" हा प्रश्न तर आरोपासारखा लागतो. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर चारचौघांत लाज. आणि "या वचनातून आपण काय शिकतो?" हा प्रश्न इतका मोठा आहे की त्यात कुठून शिरायचं तेच कळत नाही. मग "येशू", "प्रार्थना", "विश्वास" यांतला एखादा शब्द कुणीतरी पुढे सरकवतं आणि तुम्ही "बरोबर" म्हणून पुढे जाता.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. ज्याचं उत्तर ऐकायची तुम्हाला स्वतःला उत्सुकता आहे, तोच प्रश्न विचारा. बाकीच्या सगळ्या युक्त्या याच्यामागून येतात.

शुभवर्तमानांत प्रभूचे प्रश्न वाचून बघा. ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला तो विचारतो, बरं व्हायची तुझी इच्छा आहे का (योहान ५). शास्त्र्याला विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय, तू काय वाचतोस (लूक १०). वधस्तंभावर मरून पुन्हा उठल्यावर, अम्माऊसच्या वाटेवर त्याला न ओळखणारे दोघे शिष्य यरुशलेमेतल्या घटनांबद्दल बोलत असतात, त्यांना विचारतो, कोणत्या गोष्टी (लूक २४). यरुशलेमेत काय घडलं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्याने आधी त्यांना बोलू दिलं. त्यांची निराशा, त्यांची मोडलेली आशा, बायकांनी सांगितलेल्या बातमीबद्दलचा गोंधळ, सगळं ऐकून घेतलं आणि मगच शास्त्र उलगडलं. आपण नेमकं उलटं करतो.

आता एक उतारा घेऊन दाखवते, कारण नुसतं "चांगले प्रश्न विचारा" म्हणून कुणाला काही जमत नाही.

मत्तय २०, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. खानदेशातल्या पोरांसाठी याच्याइतका जवळचा उतारा दुसरा नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी रोजाने जातं. धनी पहाटे मजूर आणतो, दिवसाची मजुरी ठरवतो. मग तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, पुन्हा जातो. बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी पाच वाजताही जातो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, तीही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून.

इथे बहुतेक पुढारी लगेच म्हणतात, "यावरून देवाची कृपा दिसते." झालं, चर्चा संपली. मी एवढंच विचारते: "पहाटेपासून राबलेल्यांच्या जागी तुम्ही असता तर काय बोलला असता?" शहाद्याकडच्या एका गटात हे विचारल्यावर एक मुलगा ताडकन म्हणाला, "हाई बरोबर नई शे." त्याची आई कापूस वेचायला जाते. वेचणीचा पैसा किलोवर असतो, जेवढं वेचाल तेवढं मिळतं. त्याचं म्हणणं होतं, धन्याने किलोवर हिशोब केला असता तर भांडणच झालं नसतं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी धन्याची बाजू घेतली नाही. देवाची वकिली करायची घाई पुढाऱ्याने करू नये, दाखल्याचा धक्का मुलांपर्यंत पोचू द्यावा. मी त्याला म्हटलं, "तुझा मुद्दा दाखल्यातल्या मजुरांचाच आहे. बारावं वचन पुन्हा वाच." त्याने वाचलं: दिवसभराचं कष्ट आणि ऊन आम्ही सोसलं. त्याला आपला मुद्दा बायबलमध्येच लिहिलेला सापडला. त्याचा चेहरा खुलला.

मग पुढचा प्रश्न टाकला. "पाच वाजेपर्यंत नाक्यावर कोण उभं राहतं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. शेवटी मागे बसलेली, तोवर एक शब्दही न बोललेली मुलगी म्हणाली, "माझी आजी." मुकादम तरण्याताठ्यांना आधी गाडीत बसवतो, म्हाताऱ्या उरतात, असं तिने सांगितलं. मी फक्त विचारलं, "मग आजी काय करते?" ती म्हणाली, "दहापर्यंत थांबते आणि घरी येते." आणि जरा थांबून, माझ्याकडे नाही, त्या मुलाकडे बघून म्हणाली, "किलोवर दिलं असतं तर पाच वाजता आलेल्याने घरी काय नेलं असतं?"

एवढं झाल्यावर कृपा या विषयावर संदेश द्यायची गरजच राहत नाही. पण मी तिथे थांबले नाही, कारण उताऱ्यात अजून एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मुलांनीच शोधावी अशी आहे. "या धन्याकडे कारभारी आहे का?" सगळे पुन्हा वचनात डोकं घालतात. आहे, आठव्या वचनात. मजुरी वाटायला तो कारभाऱ्याला सांगतो. मग मजूर आणायला बाजारात पाचही वेळा स्वतः का गेला? याचं उत्तर मी आधी ठरवून जात नाही. दरवेळी मुलं काहीतरी निराळं सांगतात आणि ते ऐकायला मला आजही आवडतं.

यात प्रश्नांचा क्रम आहे तो लक्षात घ्या. आधी वचनात काय दिसतं ते, मग त्याचा अर्थ आणि सर्वांत शेवटी आपलं जगणं. पहिल्या प्रकारचे प्रश्न भरपूर विचारा, कारण त्यांत चुकायची भीती नसते, बोट ठेवून दाखवता येतं. शेवटच्या प्रकारचा एकच पुरे. मी त्या दिवशी विचारलेला असा होता: "या आठवड्यात आपल्या गावात कोण उभं राहून राहिलंय, ज्याला कुणी बोलावलं नाही?" "तुम्ही किती उदार आहात?" असं विचारलं असतं तर सगळे पुन्हा खाली बघू लागले असते.

तयारी करताना उताऱ्याच्या आगची-मागची वचनं वाचून ठेवा. याच दाखल्याच्या आधी, १९व्या अध्यायाच्या शेवटी, पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळेल. दाखला त्या प्रश्नाला धरून आहे. आणि गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असा मोशेच्या नियमशास्त्रातच हुकूम आहे (अनुवाद २४). एवढी माहिती खिशात असू द्या. पण विचारल्याशिवाय किंवा चर्चा अडल्याशिवाय ती बाहेर काढू नका.

आता शांततेबद्दल. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधल्या संवादाचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं, तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. आपल्याकडे तर मूल मनात मावचीत किंवा अहिराणीत विचार करतं आणि मग त्याचं मराठी करतं. त्याला तीन सेकंद कसे पुरतील? मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्या वेळात प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारू नका, नाहीतर विचार करत असलेला गोंधळतो. वचनाकडे बघत शांत बसा. तुम्ही अस्वस्थ दिसलात की मुलं तुमची सुटका करायला "येशू" म्हणतील.

भाषेचा अडसर तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. पवित्र शास्त्राची मराठी छापील आणि भारदस्त आहे. त्या भाषेत वाचलं की त्याच भाषेत बोललं पाहिजे असं मुलांना वाटतं. म्हणून उतारा मराठीत वाचून झाला की एकाला सांगा, "आता हीच गोष्ट घरी आजीला सांगशील तशी सांग." मावची, भिली, पावरी, अहिराणी, जी ज्याची असेल त्या भाषेत. सांगताना तो काही गाळेल, काही वाढवेल, आणि बाकीचे "नाही नाही, तसं नव्हतं" म्हणत आपोआप वचनात शिरतील. ती चर्चाच असते. आणि एकेक वचन पाळीपाळीने वाचायला लावू नका. ज्याचं वाचन अडखळत आहे, तो आपली पाळी येईपर्यंत धास्तावून बसतो, उताऱ्यातलं काहीच त्याच्या कानात शिरत नाही. पुढच्या रविवारी तो यायचंच टाळतो. चांगलं वाचणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आठवीतलं पोर आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षातला मुलगा एका गटात बसवू नका. चौदा जण असतील तर दोन गट करा. सहा ते आठ जणांत कुणाला लपता येत नाही आणि कुणावर फार डोळेही रोखले जात नाहीत. दुसरा गट घ्यायला माणूस नाही असं तुम्ही म्हणाल. ते जे ठरलेले दोघे बोलतात ना, त्यांतला एक आहे की! त्याला बाजूला घेऊन सांगा, "तुझ्याकडून मला बोलण्यापेक्षा दुसऱ्यांना बोलतं करायला मदत हवी आहे." जास्त बोलणाऱ्यांवर मला ठाऊक असलेला हा सर्वांत चांगला उपाय आहे, चारचौघांत गप्प करण्यापेक्षा तर कितीतरी.

खुर्च्या काढून टाका आणि सतरंजीवर गोल बसा, तुम्हीही खाली. पुढारी उंच बसला की सगळे त्याच्याशीच बोलतात.

मुलींचं म्हणाल, तर त्यांना बोलायचं नसतं असं नाही. समोर चुलत भाऊ, पलीकडे मामाचा मुलगा, दारात पाळकांची बायको चहा घेऊन उभी. अशात सतरा वर्षांची पोर मनातलं काय बोलेल? आधी शेजारच्या मैत्रिणीशी दोन मिनिटं बोलू द्या, मग "तुम्हा दोघींचं काय बोलणं झालं" असं विचारा. स्वतःचं मत मांडण्यापेक्षा दोघींचं मिळून सांगणं सोपं जातं. महिन्यातून एकदा मुलींचा गट वेगळा बसवा आणि तो एखाद्या जाणत्या ताईकडे द्या. आणि चहा-भांडी दरवेळी मुलींकडेच असतील तर ते आजच बदला. चर्चा रंगात आली की ज्यांना उठून आत जावं लागतं, त्या पुढच्या वेळी मनाने बसतच नाहीत.

यापुढचं मी सगळ्यांत जपून सांगते. आपल्या गावांत निम्मी मंडळी एकमेकांच्या नात्यातली असते. गटात बोललेलं, बोलणारी घरी पोचायच्या आत काकूच्या कानावर गेलेलं असतं. असं एकदा घडलं की तो गट वर्षभर तरी तोंड उघडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून कबूल करायचं की इथलं इथेच राहील. पण त्याच दमात याची मर्यादाही सांगायची. कुणी मुलाला किंवा मुलीला त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, कुणी जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही. हे आधीच सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा, नंतर सांगितलं तर मुलाला दगा वाटतो. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, मग आरोप मंडळीतल्या वडीलधाऱ्यावर का असेना. "आपसात मिटवू, मंडळीचं नाव जाईल" असं म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आणि मनाच्या आजारासाठी, जीव द्यायच्या विचारासाठी १४४१६, म्हणजे टेली-मानस, हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गटात नेहमी दोन मोठी माणसं असावीत, आणि कुणाशी एकट्याने बोलायचं झालं तर उघड्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं बसा.

कधीतरी असाही प्रश्न येईल ज्याने तुमच्या छातीत धस्स होईल. "बाबांसाठी आम्ही सगळ्यांनी उपास करून प्रार्थना केली, तरी ते वारले. का?" अशा वेळी "सगळं मिळून भल्यासाठीच होतं" हे रोमकरांस पत्राचं वचन तोंडावर फेकू नका. त्याला त्या क्षणी उत्तर नको असतं, हा प्रश्न देवाच्या घरात विचारायची परवानगी आहे का हे त्याला जाणून घ्यायचं असतं. आहे, असं सांगा, आणि स्तोत्र ८८ उघडून द्या. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. एवढं वाचून त्याच्या शेजारी बसा.

दुसऱ्या प्रकारचे अवघड प्रश्न आपल्या भागाचे खास आहेत. काठी गावच्या आदिवासी होळीला नातेवाईक जातात, आपण जायचं का? घरात कुणी आजारी पडलं आणि आजोबांनी भगताला बोलावलं, तर आपण घरात थांबायचं की बाहेर पडायचं? यांची उत्तरं तुम्ही एका वाक्यात दिलीत तर मुलं ऐकतील आणि करायचं तेच करतील. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ ते १० समोर ठेवा. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौल किती बाजूंनी विचार करतो ते वाचा. स्वातंत्र्य कुठे आहे, भावाचा विवेक कुठे दुखावतो, कुठे थांबायचं, हे मुलांनाच शोधू द्या. आणि आजोबांची किंवा दुसऱ्या धर्मातल्या मित्रांची टवाळी कुणाला करू देऊ नका. ज्या आजोबांच्या मांडीवर तो वाढला त्यांचा अपमान झालेला त्याला घरी जाऊनही आठवत राहील.

अर्थ स्पष्टच चुकला तर? "चूक" म्हणू नका, "हे तुला कुठल्या वचनात दिसलं?" असं विचारा. बहुतेक वेळा पोरगं स्वतःच वाचून सावरतं. हाच प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारायची सवय ठेवा, म्हणजे तो शिक्षा वाटत नाही.

दिवाळीनंतर तुमचा गट रोडावेल. ऊसतोडीला बारडोलीकडे घरंच्या घरं जातात, कुणी सुरतेला कामाला लागतं. म्हणून सलग बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आखू नका. प्रत्येक बैठक त्या दिवसापुरती पूर्ण असावी, म्हणजे मध्येच परतलेल्याला उपरं वाटणार नाही. जे बाहेर आहेत त्यांना उतारा आणि एकच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, रात्री चूल विझल्यावर ते ऐकतात आणि बोलून उत्तरही पाठवतात. त्यांचं उत्तर पुढच्या रविवारी गटात ऐकवा.

प्रार्थनेला शेवटी दहा मिनिटं राखून ठेवा. विनंत्या थोडक्यात घ्या. आणि प्रार्थनेतून कुणाला उपदेश करू नका. "प्रभू, आमच्यातल्या काहींना मोबाईलपासून सोडव" असं म्हटलं की डोळे मिटलेल्या प्रत्येकाला तो कोण ते कळतं.

येत्या रविवारी मार्क १०:४६-५२ घ्या, आंधळा बार्तीमय. फार तयारी नको. बसायच्या आधी वहीत तीन प्रश्न लिहा. लोक त्याला गप्प बसायला का सांगत होते? प्रभू थांबला, पण स्वतः त्याच्याजवळ न जाता "त्याला बोलवा" असं त्याच लोकांना का म्हणाला? आणि तो आंधळा आहे हे दिसत असूनही "मी तुझ्यासाठी काय करावं" असं त्याने का विचारलं? पहिल्या प्रश्नानंतर दोघादोघांना बोलू द्या. तिसऱ्या प्रश्नाला वेळ कमी पडला तर तो पुढच्या वेळेसाठी ठेवा, घाईने उरकू नका. संदेश द्यायचा मोह झाला तर त्या मुलामुलींनी काय काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत परत सांगा, तेवढं पुरे. आणि काय झालं ते मला कळवा, विशेषतः दुसऱ्या प्रश्नावर मुली काय म्हणाल्या ते.